सैनिकी शाळेची नववीची इंग्रजी प्रवेश परीक्षा : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने तयारी कशी करावी?

सातारा या शहराशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव नोंदले गेले. शाळेच्या रजिस्टरात त्या नावापुढे १९१४ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात २०१७ सालापासून हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून ते त्याच्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेत. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे, चुकले की पुन्हा करायचे. क्लास नाही, गाईड नाही. घरातला बाप आणि एक पुस्तक.

त्याच साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्यासाठी मुले तयार करणे हा या शाळांचा मूळ हेतू. पुढे २०१९ साली चंद्रपूर येथेही अशी शाळा निघाली. या शाळांत सहावीला आणि नववीला प्रवेश मिळतो. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. नववीची परीक्षा मात्र फक्त इंग्रजीतून होते, आणि आपल्या वस्तीतील पुष्कळशी हुशार मुले येथेच थबकतात. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतून सातवी-आठवीपर्यंत पहिला-दुसरा नंबर काढणारा मुलगा ‘पेपर इंग्रजीत आहे’ एवढे ऐकूनच अर्ज भरत नाही. घरचेही म्हणतात, राहू दे, आपल्याला जमायचे नाही.

जमते. मात्र त्यासाठी तयारीची दिशा वेगळी ठेवावी लागते. ती दिशा दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परीक्षेचे स्वरूप

आधी शत्रू ओळखावा, मग शस्त्र निवडावे. नववीच्या परीक्षेत १५० प्रश्न असतात, गुण ४०० आणि वेळ १८० मिनिटे. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे असून उत्तरपत्रिकेवरील गोल पेनाने काळे करायचे असतात. गुणांची विभागणी अशी आहे :

१) गणित : ५० प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, एकूण २०० गुण.
२) बुद्धिमत्ता : २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ५० गुण.
३) इंग्रजी : २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ५० गुण.
४) सामान्य विज्ञान : २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ५० गुण.
५) सामाजिक शास्त्रे : २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ५० गुण.

हा तक्ता नीट पाहावा. इंग्रजी या विषयाला ४०० पैकी केवळ ५० गुण आहेत. निम्मे गुण गणिताचे आहेत. म्हणजे ही इंग्रजीची परीक्षा नसून इंग्रजीतून घेतलेली गणिताची, बुद्धीची आणि शालेय ज्ञानाची परीक्षा आहे. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. कादंबरी वाचण्याइतके किंवा भाषण करण्याइतके इंग्रजी येथे लागत नाही. प्रश्न अचूक समजण्याइतके लागते, आणि तेवढे सात-आठ महिन्यांत कमावता येते.

दुसरी गोष्ट, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तेव्हा एकही गोल रिकामा ठेवू नये. तिसरी गोष्ट, प्रत्येक विषयात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के गुण मिळवण्याची अट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ही किमान गुणांची अट लागू नाही. त्यांची निवड आपापसांतील गुणक्रमाने होते. परंतु याचा अर्थ कमी अभ्यास चालेल असा कोणी घेऊ नये. गुणक्रमात आपल्या मुलाची चुरस आपल्यासारख्याच शेकडो मेहनती मुलांशी आहे.

खरी अडचण कोठे आहे?

आठवीतील मुलाला मराठीत विचारा : ‘एका दुकानदाराने छापील किमतीवर शेकडा १० सूट दिली, तरी त्याला शेकडा २० नफा झाला. खरेदी किंमत ६०० रुपये असेल तर छापील किंमत किती?’ तो वहीवर दोन ओळीत उत्तर काढतो. खरेदी ६००, नफा १२०, म्हणून विक्री ७२०. ही विक्री म्हणजे छापील किमतीचे शेकडा ९०. म्हणून छापील किंमत ८०० रुपये.

आता हाच प्रश्न इंग्रजीत समोर ठेवला की तोच मुलगा अडखळतो. मार्क्ड प्राइस म्हणजे काय, कॉस्ट प्राइस म्हणजे खरेदी की विक्री, ‘स्टिल गेन्स’ मधला ‘स्टिल’ कशासाठी, यातच त्याचा वेळ जातो. मग तो स्वतःला ‘ढ’ समजू लागतो. वास्तविक त्याचे गणित पक्के आहे, फक्त पाच-सहा शब्दांचे कुलूप लागलेले आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट मुलाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावी. ज्याला मराठीत उत्तर येते त्याला निम्म्याहून अधिक परीक्षा आधीच येत असते.

दोन पुस्तकांची पद्धत

बालभारतीची गणित व विज्ञानाची पुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात. धडे तेच, क्रम तोच, आकृत्या त्याच. फक्त भाषा वेगळी. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. आठवीची दोन्ही पुस्तके शेजारी-शेजारी उघडून ठेवावीत. आधी मराठीतील धडा वाचावा, म्हणजे विषय समजतो. मग इंग्रजीतील तोच धडा बोट ठेवून वाचावा. शब्दकोश उघडण्याची गरज फारशी पडत नाही, कारण अर्थ शेजारच्याच पानावर असतो. तर्खडकरांच्या पाठमालेचीच ही आजची रीत म्हणावी.

वाचताना एक शब्दवही करावी. पानाच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी शब्द लिहावा. पहिल्या महिन्यात गणिताचे शब्द घ्यावेत : लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ, परिमेय संख्या म्हणजे रॅशनल नंबर, अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, सरळव्याज म्हणजे सिंपल इंटरेस्ट, चक्रवाढ व्याज म्हणजे कंपाउंड इंटरेस्ट, परिमिती म्हणजे पेरिमीटर, क्षेत्रफळ म्हणजे एरिया, घनफळ म्हणजे व्हॉल्यूम, त्रिज्या म्हणजे रेडियस, समांतरभुज चौकोन म्हणजे पॅरललोग्रॅम, समलंब चौकोन म्हणजे ट्रॅपेझियम, समचलन म्हणजे डायरेक्ट व्हेरिएशन, व्यस्तचलन म्हणजे इन्व्हर्स व्हेरिएशन. रोज दहा शब्द घेतले आणि रविवारी उजळणी केली, तर महिन्यात दोन-अडीचशे शब्द होतात. गणिताचे प्रश्न याच शब्दांभोवती फिरतात.

बालभारतीचा पाया झाल्यावर एनसीईआरटीची सहावी ते आठवीची इंग्रजी पुस्तके घ्यावीत. तीही संकेतस्थळावर मोफत आहेत. आठवीची नवी पुस्तके २०२५ साली आली आहेत, तेव्हा जुन्या बाजारातून पुस्तक घेताना वर्ष पाहून घ्यावे. कोणते घटक विचारले जातील याची यादी परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती छापून भिंतीला लावावी आणि जो घटक झाला त्यापुढे खूण करावी.

लहान शब्दांचे मोठे सापळे

मोठ्या शब्दांना मुले घाबरतात, परंतु गुण जातात ते लहान शब्दांनी. काही नमुने पाहू.

‘इन्क्रीज्ड बाय २०’ म्हणजे वीसने वाढले. ‘इन्क्रीज्ड टू २०’ म्हणजे वाढून वीस झाले. आधी ८ असतील, तर पहिल्या वाक्यात उत्तर २८ येते आणि दुसऱ्यात २०.

‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ हे वाचून मुले पाच उणे संख्या असे लिहितात, कारण इंग्रजीत पाच आधी येतो. त्याचा अर्थ ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’, म्हणजे संख्या उणे पाच.

‘ॲट लीस्ट १०’ म्हणजे दहा किंवा दहाहून जास्त. ‘ॲट मोस्ट १०’ म्हणजे दहा किंवा दहाहून कमी.

‘व्हिच ऑफ द फॉलोइंग इज नॉट’ अशा प्रश्नातील ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ हे शब्द घाईत डोळ्यांतून निसटतात. सरावाच्या वेळी असा शब्द दिसला की त्याला पेन्सिलीने गोल करण्याची सवय लावावी.

प्रश्न वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात : काय दिले आहे, काय विचारले आहे, आणि दोहोंना जोडणारा शब्द कोणता. प्रश्नाचे शेवटचे वाक्य आधी वाचले तर काय काढायचे ते लगेच कळते. सुरुवातीचे दोन महिने मुलाने इंग्रजी प्रश्न वाचून तोंडाने मराठीत सांगावा. गणित सोडवायला त्यानंतरच बसावे. तिसऱ्या महिन्यापासून हे भाषांतर बंद करून थेट इंग्रजीतच विचार करण्याचा प्रयत्न करावा, कारण परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंदच मिळतात.

मराठी वळणाच्या इंग्रजी चुका

इंग्रजीच्या २५ प्रश्नांत उताऱ्यावरील प्रश्न, काळ, शब्दयोगी अव्यये, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, प्रयोग, वाक्यांचा क्रम लावणे अशा गोष्टी येतात. आपली मुले इंग्रजीत ज्या चुका करतात त्या बहुधा मराठीच्या सवयीतून आलेल्या असतात. कारण कळले की चूक सुटते.

(अ) मराठीत ‘ए, ॲन, द’ नाहीत. म्हणून मुले ‘ही इज डॉक्टर’ लिहितात. इंग्रजीत एकवचनी मोजता येणारे सामान्य नाम सहसा एकटे उभे राहत नाही, त्याच्या आधी काहीतरी लागते : ए डॉक्टर, माय डॉक्टर, द डॉक्टर. ‘ए’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवरून न ठरवता उच्चारावरून ठरवावे. म्हणून ‘ॲन अवर’ आणि ‘ए युनिव्हर्सिटी’.

(आ) मराठीत ‘मी काल आलो आहे’ असे आपण बोलून जातो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅव कम’ चालत नाही, ‘केम’ लागते. ठरावीक गेलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ, हा नियम पाठ असावा.

(इ) ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ या दोन्हींत मराठीत ‘पासून’च येते. इंग्रजीत कालावधी असेल तर ‘फॉर’, आणि सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’. फॉर टू इयर्स, सिन्स मंडे.

(ई) ‘मुलीने आंबा खाल्ला, मुलीने चिंच खाल्ली’ येथे मराठीत क्रियापद आंब्याप्रमाणे व चिंचेप्रमाणे बदलते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याकडेच पाहते. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’ यात कर्ता ‘वन’ आहे, म्हणून ‘आर’ येत नाही, आणि ‘वन ऑफ’ नंतरचे नाम मात्र अनेकवचनीच हवे.

(उ) ‘मला भूक लागली’, ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘मला’चे ‘टू मी’ करू नये. इंग्रजीत ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

यांतील एकेक मुद्दा आठवडाभर धरावा आणि त्याची रोज दहा वाक्ये स्वतः तयार करावीत. उताऱ्यासाठी रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एकच छोटी बातमी वाचावी. मराठी वर्तमानपत्रात तीच बातमी आधी वाचलेली असली तर फारच उत्तम.

घरातलेच दोन इंग्रजी ग्रंथ

यासाठी वेगळा खर्च न करता आपल्या घरात असलेली साधने वापरता येतात. संविधानाची उद्देशिका आपल्या बहुतेक मुलांना मराठीत तोंडपाठ असते. तीच इंग्रजीत समोर ठेवावी. न्याय म्हणजे जस्टिस, स्वातंत्र्य म्हणजे लिबर्टी, समता म्हणजे इक्वॅलिटी, बंधुता म्हणजे फ्रॅटर्निटी, सार्वभौम म्हणजे सॉव्हरिन, प्रतिष्ठा म्हणजे डिग्निटी. सामाजिक शास्त्रांतील नागरिकशास्त्राचा अर्धा शब्दसंग्रह त्या एका पानावर आहे.

तसेच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीत लिहिला आणि तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. वर्षावासात आपल्या विहारांतून त्याच्या मराठी आवृत्तीचे वाचन होते. त्या संध्याकाळी जो भाग वाचला गेला तोच इंग्रजी ग्रंथातून मुलाने दुसऱ्या दिवशी अर्धे पान वाचावा. अर्थ कालच कानावर पडलेला असल्याने इंग्रजी सोपे जाते, आणि धम्माचेही वाचन होते.

विज्ञान, सामाजिक शास्त्रे व बुद्धिमत्ता

विज्ञानात एकच इंग्रजी शब्द दोन अर्थांनी येतो, तेथे सावध राहावे. ‘सेल’ म्हणजे जीवशास्त्रात पेशी आणि विजेच्या धड्यात विद्युतघट. ‘मास’ म्हणजे वस्तुमान आणि ‘वेट’ म्हणजे वजन. आपण बोलताना दोन्हीला वजनच म्हणतो, परंतु परीक्षेत हे दोन वेगळे आहेत. अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्यूल, ऊती म्हणजे टिश्यू, घनता म्हणजे डेन्सिटी, दाब म्हणजे प्रेशर, आम्ल म्हणजे ॲसिड, आम्लारी म्हणजे बेस. सामाजिक शास्त्रात ‘बिल’ म्हणजे दुकानातील पावती नव्हे, ते विधेयक. ते मंजूर होऊन ‘ॲक्ट’ झाले की कायदा. विधिमंडळ म्हणजे लेजिस्लेचर, कार्यकारी मंडळ म्हणजे एक्झिक्युटिव्ह आणि न्यायमंडळ म्हणजे ज्युडिशिअरी.

बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत इंग्रजी मुळाक्षरांचे क्रमांक पाठ हवेत. ई, जे, ओ, टी, वाय ही पाच अक्षरे अनुक्रमे ५, १०, १५, २०, २५ क्रमांकांवर आहेत. एवढे लक्षात ठेवले की कोणतेही अक्षर पुढे-मागे मोजून चटकन मिळते. उलट क्रमातील जोडी काढायची असेल तर दोन अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज २७ होते. डी चौथा, म्हणून त्याची जोडी तेविसावा डब्ल्यू.

नातेसंबंधांच्या प्रश्नांत आपली मुले हुशार असूनही फसतात, कारण आपली भाषा नात्यांनी श्रीमंत आहे आणि इंग्रजी गरीब. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान या सर्वांना इंग्रजीत ‘अंकल’. पुतण्या आणि भाचा दोघेही ‘नेफ्यू’. दीर, मेहुणा हे सारे ‘ब्रदर-इन-लॉ’. म्हणून इंग्रजी प्रश्न वाचताच मनात मराठी नाते बांधावे. ‘माझ्या आईच्या वडिलांचा एकुलता एक मुलगा’ असे इंग्रजीत आले की मराठी मुलाने ‘मामा’ म्हणावे आणि पर्यायांत ‘अंकल’वर खूण करावी. येथे आपली मराठीच उपयोगी पडते.

चुकांची वही आणि सम्यक व्यायाम

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे चार भाग तथागतांनी सांगितले आहेत : न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले अकुशल घालवणे, न उपजलेले कुशल निर्माण करणे आणि उपजलेले कुशल टिकवून वाढवणे. हे चित्तशुद्धीसाठी सांगितले आहे हे खरे. पण विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाला हे चार भाग लावून पाहावेत, ते तंतोतंत बसतात.

दर रविवारी एक सराव चाचणी सोडवावी. त्यात जे चुकले ते वेगळ्या वहीत उतरवावे आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : शब्द कळला नाही, रीत येत नव्हती, की घाई झाली. शब्दाची चूक शब्दवहीत जाते, रीतीची चूक पुस्तकातील त्या धड्याकडे परत पाठवते, घाईची चूक सरावाने जाते. हे उपजलेले घालवणे झाले. नॉट आणि बाय-टू यांना गोल करण्याची सवय म्हणजे न उपजलेली चूक रोखणे. रोजचा नवा घटक म्हणजे नवे कुशल. आणि महिन्याच्या शेवटी मागच्या चारही आठवड्यांच्या चुका पुन्हा सोडवणे म्हणजे मिळवलेले टिकवणे. बहुतेक मुले तिसरा भाग तेवढा करतात, बाकीचे तीन सोडून देतात. म्हणूनच अभ्यास पुष्कळ होऊन गुण वाढत नाहीत.

वेळेचे गणित

ही परीक्षा सामान्यतः जानेवारीत असते. २०२५ साली मात्र ती ५ एप्रिलला झाली. तेव्हा जानेवारी धरूनच चालावे, पुढे गेली तर उजळणीला वेळ मिळेल. जून-जुलैत दोन पुस्तकांची पद्धत आणि शब्दवही. आषाढी ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ मुख्य अभ्यासाचा. त्यात माहितीपुस्तिकेतील गणिताचे सर्व घटक इंग्रजीतून पूर्ण करावेत. आश्विन पौर्णिमेनंतर दर आठवड्याला एक पूर्ण तीन तासांची चाचणी, घड्याळ लावून आणि गोल काळे करून.

प्रत्यक्ष परीक्षेसाठी १८० मिनिटे अशी वाटावीत : गणित ९०, बुद्धिमत्ता २५, इंग्रजी २०, विज्ञान २०, सामाजिक शास्त्रे १५ आणि तपासणीसाठी १०. गणिताचा एक प्रश्न इतर विषयांतील दोन प्रश्नांच्या बरोबरीचा आहे. तरीही एखाद्या गणिताने दोन मिनिटांहून अधिक वेळ खाल्ला तर खूण करून पुढे जावे. प्रत्येक दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळतो का ते पाहावे. एक गोल सरकला तर पुढची सर्व उत्तरे सरकतात.

कागदपत्रे : येथे घात होतो

परीक्षा उत्तम जाऊनही कागदासाठी जागा गेली, असे होऊ देऊ नये. नववीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्च रोजी मुलाचे वय १३ ते १५ वर्षे असावे लागते. एकूण जागांपैकी ६७ टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्यातील मुलांसाठी असतात. अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी साडेसात आणि इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखीव आहेत. सहावीत मुलींना २०२१-२२ पासून सर्व सैनिकी शाळांत प्रवेश मिळू लागला आहे. लहान मुलगी घरात असेल तर तिचाही विचार करावा.

आता आपल्या समाजापुरता महत्त्वाचा मुद्दा. बौद्ध हा आपला धर्म आहे. अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे आहेत, ‘बौद्ध’ असे नाव नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. परंतु दाखल्यावर धर्म बौद्ध आणि मूळची अनुसूचित जात या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असेल तर वडील-आजोबांच्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. हे काम आठ दिवसांत होत नाही. म्हणून जूनमध्येच प्रांत कार्यालयाच्या कामाला लागावे आणि राज्याच्या दाखल्याबरोबर केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखलाही काढून ठेवावा. अधिवासाचा दाखलाही त्याच वेळी काढावा.

जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला या चारही कागदांवर मुलाचे व वडिलांचे नाव अक्षरशः सारखे असावे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला रोज दिसते की एका ‘ए’च्या फरकाने मोठमोठी कामे अडतात. अर्ज ऑनलाइन भरताना पालकाने स्वतः शेजारी बसावे, सारे सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नये. निकालानंतर ऑनलाइन समुपदेशनात शाळेची पसंती भरणे, मग वैद्यकीय तपासणी व कागदपत्रांची पडताळणी असे टप्पे असतात. मुलाची नजर, दात व कान यांची तपासणी सरकारी दवाखान्यात आधीच करून घ्यावी.

पालकांनी विचार करावा असे

सैनिकी शाळा मोफत नाही. फी आणि इतर खर्च वर्षाला लाखाच्या पुढे जातो. उत्पन्नानुसार शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांच्या अटी शाळेच्या कार्यालयातून समजून घेऊनच निर्णय करावा. ज्यांना हा भार पेलवणार नाही त्यांच्यासाठी जवाहर नवोदय विद्यालय हा दुसरा मार्ग आहे. तेथे राहणे, जेवण व शिक्षण विनामूल्य आहे. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचे. नवोदयमध्येही नववीच्या रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते. तीत गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५ आणि हिंदी १५ असे १०० गुण असतात, आणि पेपर हिंदी किंवा इंग्रजीतून देता येतो. एकाच तयारीवर दोन्ही परीक्षा देता येतात, म्हणून दोन्ही अर्ज भरावेत.

मुलाच्या मनाविरुद्ध त्याला वसतिगृहात ढकलू नये. तेराव्या-चौदाव्या वर्षी घर सोडणे सोपे नसते. आणि नववीच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे चांगली तयारी केलेल्या पुष्कळ मुलांनाही प्रवेश मिळत नाही. अशा मुलाला अपयशी म्हणणे हा अन्याय आहे. आठवीत इंग्रजीतून गणित व विज्ञान शिकलेला मुलगा दहावीत, अकरावी विज्ञान शाखेत आणि पुढच्या प्रत्येक स्पर्धा परीक्षेत इतरांपेक्षा दोन पावले पुढे असतो. मेहनत वाया जात नाही.

संस्थेसाठी एक सूचना

शेवटी आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या विहाराचा सभागृह संध्याकाळी सात ते नऊ रिकामा असतो. तेथे आठवीच्या मुलामुलींसाठी अभ्यासवर्ग सुरू करावा. लागणार काय? दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांचे चार संच, एक फळा, भिंतीवर घड्याळ आणि आठवड्याला दोन तास देणारे चार जण. वस्तीत शिक्षक आहेत, बँकेत, पोस्टात, विमा कंपनीत काम करणारे आहेत, अभियांत्रिकीची मुले आहेत. एकाने गणित, एकाने इंग्रजी, एकाने विज्ञान घ्यावे आणि एकाने फक्त दाखल्यांची कामे पाहावीत. वर्षाला दहा मुले बसली आणि दोघांना प्रवेश मिळाला तरी पुढच्या वर्षी वीस बसतील, कारण मग ‘आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणणारा वस्तीत कोणी उरणार नाही.

रामजी सुभेदारांनी एका मुलासाठी जे घरात केले, ते आपण साऱ्यांनी मिळून दहा मुलांसाठी विहारात करू या. येत्या आषाढी पौर्णिमेला वर्ग सुरू व्हावा, ही अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!